कारण : सूर्यास्त

लेक : भोंगा नेमका किती वेळा वाजवला?

बाबा : तीनदा. लांब. नियमाप्रमाणे.

लेक : कुठल्या नियमाप्रमाणे, बाबा?

बाबा : कामावर बाबा नाही, मॅडम. ऑपरेटर म्हणा. आणि नियम जुन्या वीजकेंद्राचा, पान नऊ. ‘लोड अचानक पडल्यास तीन लांब भोंगे द्यावेत व जागा सोडू नये.’ मी जागा सोडली नाही, याची नोंद घ्या.

लेक : ते केंद्र गेल्या महिन्यात बंद झालं.

बाबा : केंद्र बंद झालं. नियम बंद झाल्याचं पत्र मला आलेलं नाही.

लेक : हे बघा, हा घटना-अहवाल मला दहाच्या आत भरायचाय. दहाला साहेबांचा फोन येणार. मी या सौर केंद्राची इनचार्ज, तुम्ही माझ्या हाताखाली सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर, आणि वर माझे वडील. सरळ उत्तरं द्या, नाहीतर लोक म्हणतील लेकीनं बापाला पाठीशी घातलं.

बाबा : विचारा, मॅडम.

लेक : घटनेची वेळ?

बाबा : संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं.

लेक : काय झालं?

बाबा : पडद्यावरचा आकडा पडायला लागला. पाच वाजता अडतीस मेगावॅट. साडेपाचला एकोणतीस. पावणेसहाला अठरा. सहाला पाच! मी काय काय करून बघितलं नाही? फ्यूज बघितले, केबलची खोली हुंगून आलो, तुम्हाला तीन फोन लावले. उचलला नाहीत.

लेक : मी दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसले होते. बाबा, संध्याकाळचे सहा वाजले होते ना?

बाबा : हो.

लेक : आणि हे सौर केंद्र आहे.

बाबा : हो.

लेक : मग?

बाबा : मॅडम, एकतीस वर्षं मी बॉयलरच्या ज्या आकड्यासमोर बसलो, तो दुपारी बाराला जेवढा तेवढाच रात्री बाराला. तो असा घसरला तर समजायचं की कुठेतरी नळी फुटली, आता माणसं वाचवा. सूर्य मावळतो हे काय मला माहीत नाही? डोक्याला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. डोकं काही बोलायच्या आत हात भोंग्यावर गेला.

लेक : तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नाही?

बाबा : प्रशिक्षण दहा ते चार. चारला आमची बस सुटायची. त्यानंतर आठ दिवस सकाळपाळी, दोनला सुट्टी. काल माझी पहिली संध्याकाळ होती, एकट्याची. आणि तुमच्या या खोलीला खिडकी नाही.

लेक : दहा ते चार... अरे देवा. म्हणजे तुमच्या बॅचच्या चाळीस जणांपैकी एकानंही इथला सूर्यास्त बघितलेला नाही?

बाबा : एकानंही नाही. बाकीच्यांच्या पाळ्या बघून ठेवा, मॅडम. मी एकटाच वेडा आहे असं समजू नका.

लेक : आता या चौकटीत काय लिहू? ‘घटनेचं कारण’.

बाबा : सूर्यास्त.

लेक : बाबा!

बाबा : खोटं लिहायचं का मग?

लेक : हसू नका. मला हसवूही नका, दात दुखतोय. आणि इतक्या वर्षांचा तो भोंगा इथे आला कसा, हेही साहेब विचारणार.

बाबा : भंगारात चालला होता. मी उचलून आणला, घासला, तेल घातलं, छपरावर बसवला. तुम्हीच सही केलीत, ‘जेवणाच्या सुट्टीसाठी’ म्हणून. भोंगा नसलेलं केंद्र म्हणजे काय केंद्र असतं? इथे आधीच सगळं मुकं. वीज होते की नाही तेसुद्धा कानाला कळत नाही.

लेक : पण त्या भोंग्यानं अख्खी वस्ती जमा झाली ना! पुढची चौकट : ‘घटनास्थळी उपस्थित इतर व्यक्ती’.

बाबा : ते तुमच्या आईला विचारा. ती काय, दारातच उभी आहे. फडकी झटकतेय.

आई : झटकून झाली. आत येऊ का, मॅडम? की आधी अर्ज करू?

लेक : आई, तू तरी नको गं चालू करूस. ये, बस.

आई : बसत नाही. खुर्ची पांढरी आहे तुझी, मी राखेनं माखलेय. या बादल्या कुठे ठेवायच्या तेवढं सांग. बावीस आहेत. आमच्या टोळीतल्या बुटकीच्या बादलीचा कान तुटलाय, ती वेगळी ठेवलीय.

लेक : राख? राखेनं का माखलीस? आणि सकाळी सकाळी बादल्या कशाला?

आई : तुझे बाबा बोलले नाहीत वाटतं काही?

बाबा : मला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं मी दिली.

लेक : थांबा. एकेक घेऊ. आधी काल संध्याकाळचं. आई, तुम्ही पॅनेलच्या रांगेवर वाळू का टाकलीत?

आई : अगं, भोंगा कुणाचा? आपला! तीन वाजले, तेही लांब. सव्वीस वर्षं कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखाली झाडू मारलाय आम्ही. तीन भोंगे म्हणजे कोळसा पेटला. पेटल्या कोळशाला पाणी दाखवायचं नाही, वाळू टाकायची. दर सहा महिन्यांनी सराव व्हायचा ना, तेव्हा आमची टोळी पहिली पोचायची. अग्निशमनवाले वरातीमागून घोडं आल्यासारखे यायचे. आम्ही विचार करत बसलोच नाही. चूल तशीच टाकली, बादल्या भरल्या आणि पळालो.

लेक : इथे कोळसा कुठाय, आई?

आई : पळताना कुठे सुचतं? आणि वळणावरून बघते तर काय, एक अख्खी रांग लालभडक! निखाऱ्यांचा पट्टाच म्हण. आमच्यातल्या शिट्टीनं शिट्टी मारली, मोठ्या वहिनीनं पदर खोचला, बुटकीनं पहिली बादली मारली. मग धडाधड. बावीस बादल्या.

बाबा : सतरा नंबरच्या रांगेवर.

आई : नंबर तुम्ही बघा. आम्ही आग बघत होतो. वाळू पडली, तरी तिच्या कडेनं लालच. ना धूर, ना वास. म्हटलं ही कसली आग? पुढे झाले, हात लावला. गार! तुला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा आगीला हात लावला आणि ती गार लागली. मग मागे वळून बघितलं, तर सूर्यमहाराज टेकडीआड निघाले होते. आरशात बघत बघत.

लेक : म्हणजे काचेवर मावळतीचं लाल पडलं होतं...

आई : आणि आम्ही ते विझवलं! मग काय, आम्ही तिथेच मातीत बसलो आणि पोट धरधरून हसलो. बुटकी तर आडवी झाली. जुनं केंद्र बंद झाल्यापासून इतकं कुणी हसलं नव्हतं बघ. शिट्टी म्हणाली, आपण एवढ्या तरबेज झालो की आता सूर्यसुद्धा विझवतो.

लेक : आई, हसण्यावारी नेऊ नकोस. वाळू आहे ती! काचेवर घासली गेली तर चरे पडतात, रांग कायमची जाते. मी तुम्हाला रात्री निरोप दिला होता की कुणी हात लावू नका, परवा धुण्याचं यंत्र येईल तेव्हा बघू. दिला होता ना?

बाबा : निरोप मी पोचवला होता.

आई : पोचला होता. ऐकला नाही.

लेक : म्हणजे?

आई : घाण आम्ही केली, ती दुसऱ्यानं का काढायची? पहाटे पाचला आलो आम्ही सगळ्याजणी. साफ केली.

लेक : घासली?!

आई : घासायला मी काय आज जन्मलेय? आधी तुझ्या बाबांना म्हटलं, अहो, ती रांग उभी करा.

लेक : बाबा?

बाबा : मी रात्रभर जागेवरच होतो. रांगेची मोटर चालू स्थितीत होती. मी तिला जास्तीत जास्त तिरपं व्हायचा आदेश दिला. वाळू आपोआप घसरून खाली आली. एक कण घासला नाही. वेळ पाच वाजून दहा मिनिटं. नोंद आहे.

लेक : माझ्या परवानगीशिवाय?

बाबा : तुम्ही झोपला होतात. दात दुखत होता. मला वाटलं, झोपू द्यावं पोरीला.

लेक : आता पोरगी! सोयीप्रमाणे मॅडम आणि सोयीप्रमाणे पोरगी!

आई : बाप आहे तुझा. जित्याची खोड. ऐक पुढचं. वाळू गेली, पण खाली काचेवर जो थर दिसला ना, तो बघून मी कपाळाला हात लावला. काय गं, हे तुम्ही काय लावून घेतलंय काचांना?

लेक : धूळ आहे. यंत्र प्रत्येक रांग धुतं दर पंधरा दिवसांनी. टँकर येतो.

आई : धूळ नाही ती बाई, राख आहे. आपलीच. जुन्या केंद्राच्या राखेच्या तळ्यावरून वारा येतो तो थेट इकडे. भट्टी विझली म्हणून राख कुठे जाते? ती आहे अजून पन्नास वर्षं. आणि राखेला पाणी मारून वर ऊन दिलं की काय होतं?

बाबा : सिमेंट.

आई : सिमेंट! तुझं यंत्र येतं अकराला. काच तापून तवा झालेली. पाणी पडतं न पडतं तोवर वाळतं, आणि राख तिथेच धरून बसते. तुम्ही धूत नाही आहात, लिंपताय.

लेक : मग तुम्ही कसं काढलं?

आई : पहाटे काचेवर दव असतं. राख रात्रभर त्यात भिजते, मऊ होते. ती सुकायच्या आत उचलायची. मऊ सुती फडकं, वरून खाली, एकाच ओढीत. दाबायचं नाही. प्रत्येक ओढीला फडक्याची घडी बदलायची. मळकी बाजू परत काचेला लावली की चरा पडलाच म्हणून समज. पट्ट्याच्या दिव्यांच्या काचा आम्ही अशाच पुसायचो. पाणी लागलं दोन बादल्या, तेही फडकी धुवायला. उन्हं यायच्या आत आमचं काम झालं होतं.

लेक : दोन बादल्या... यंत्राला एका रांगेला अर्धा टँकर लागतो. पण आई, तुला पटेल ते नेहमी बरोबर असतंच असं नाही. चरे पडलेत की नाही ते मला भिंग घेऊन बघावं लागेल. आणि साहेब...

बाबा : मॅडम, पडदा बघा.

लेक : एक मिनिट.

बाबा : मिनिट नको. आत्ता बघा. रांग सोळा, सतरा, अठरा.

लेक : सोळा एक्केचाळीस. सतरा... शेहेचाळीस. अठरा चाळीस. सतराचा सेन्सर बिघडला असणार. वाळू गेली असेल त्यात.

बाबा : मलाही आधी तेच वाटलं. म्हणून हातातला मीटर घेऊन जागेवर जाऊन आलो. तीनदा. आकडा बरोबर आहे. ही वही घ्या.

लेक : ही कसली वही?

बाबा : दर पंधरा मिनिटांची नोंद. प्रत्येक रांगेची नाही, दहा ते वीस. माझ्या खुर्चीसमोरच्या पडद्यावर तेवढ्याच दिसतात.

लेक : बाबा, कॉम्प्युटर सगळं आपोआप साठवतो. तुम्हाला हजारदा सांगितलं, हातानं लिहू नका!

बाबा : एकतीस वर्षांची सवय आहे. लिहिल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. बघा तर खरं. गेले आठ दिवस सतरा नंबर सोळापेक्षा कायम एक-दोननं खाली. आणि सोळा नंबर चार दिवसांपूर्वीच यंत्रानं धुतलाय. तरी आज सतरा पाचनं वर. सव्वासातपासून वर आहे. चढतच गेलाय.

लेक : शंभराला बारा जास्त... आई!

आई : मला काय बघतेस? मला त्यातलं काही कळत नाही. मला काच कळते आणि राख कळते.

लेक : मी काय बोलू? आज दुपारी साहेब त्या यंत्रवाल्या कंपनीशी पाच वर्षांचा करार करणार आहेत. सगळ्या चारशे रांगांचा. परगावची माणसं, परगावचा टँकर.

आई : माहीत आहे.

लेक : तुला कसं माहीत?

आई : वस्तीत सगळं माहीत असतं. आणि म्हणूनच काल पळत येताना एक क्षण मनात आलं, जळतंय तर जळू दे मेलं. खोटं कशाला सांगू?

बाबा : असं बोलू नये.

आई : का बोलू नये? गरज सरो, वैद्य मरो. भट्टी विझवली त्या दिवशी मांडव घातला होता. तुम्ही सगळे कायमवाले खुर्च्यांवर, गळ्यात हार, हातात आपापला फ्रेम केलेला फोटो. चाळीस जणांना नवी जागा, नवं प्रशिक्षण. छान झालं, मला आनंदच झाला. आणि आम्ही बावीसजणी? मी कचेरीच्या खिडकीशी गेले विचारायला, तर कारकून म्हणाला, बाई, यादीत नाव नाही. म्हटलं, बघ की नीट. त्यानं ठेकेदाराचा हजेरीपट काढून दाखवला. सव्वीस वर्षांच्या पानापानावर एकच ओळ. ‘बायका : बावीस’. कधी ‘बायका : एकवीस’. ती एकवीस म्हणजे तू जन्मलीस तो महिना.

लेक : हे मला कधी सांगितलं नाहीस.

आई : सांगून काय करणार होतीस? तू इकडे नवीन. तुझं कामात मन लागलं होतं. आणि खरं सांगू, तुला या पांढऱ्या खुर्चीत बघून माझा राग अर्धा जायचा. उरलेला अर्धा मी चुलीपाशी काढायचे.

बाबा : माझ्यावर काढायला हवा होता. मी होतो त्या मांडवात. पहिल्या रांगेत. माझ्या मनात आलं होतं, उठावं आणि विचारावं, आमच्या बायकांचं काय. नाही उठलो. फोटो मांडीवर घेऊन बसून राहिलो. वाटलं, आपली जागा नक्की झालीय, आता तोंड उघडून ती घालवायची का? मला लाज वाटते त्याची. रोज वाटते.

आई : कळलं होतं मला. म्हणून तर तो फोटो मी भिंतीकडे तोंड करून टांगलाय.

बाबा : मला वाटलं चुकून उलटा लागला!

आई : महिनाभर चुकून?

(फोन वाजतो.)

लेक : साहेब! दोघंही गप्प. अजिबात आवाज नको... नमस्कार सर. हो, अहवाल तयार आहे. नुकसान? नाही, काही नाही. अग्निशमनची गाडी आली होती, चहा पिऊन गेली. कारण? कारण... सूर्यास्त. नाही सर, थट्टा नाही करत. सूर्यास्त सर, रोज होतो तोच.

आई : हसतायत का?

बाबा : शू!

लेक : हो सर, ऑपरेटर माझे वडील आहेत. नाही, पाठीशी घालत नाही. चूक त्यांची आहे, तसं लिहिलंय. पण चूक आपल्या प्रशिक्षणाचीही आहे, तेही लिहिलंय. दहा ते चार शिकवलं आपण त्यांना, सर. चाळीसच्या चाळीस जणांना संध्याकाळ दाखवायची राहिली. हो. हो, ताकीदपत्र द्या. देते त्यांना.

बाबा : दोन प्रती मागा. एक फाइलला.

लेक : काही नाही सर, रेडिओ चालू आहे. सर, अजून एक आहे. आजचा करार... एक मिनिट ऐकून घ्या. रांग सतरा. शेजारच्यांपेक्षा शंभराला बारा जास्त. नाही, सेन्सर ठीक आहे. आठ दिवसांच्या हातानं लिहिलेल्या नोंदी आहेत माझ्यापुढे, दर पंधरा मिनिटांच्या.

बाबा : हातानं लिहिलेल्या!

लेक : पाणी दोन बादल्या, सर. टँकर नाही. पहाटेच्या दवावर. कुणी? बावीस कामगार आहेत. इथल्याच. सव्वीस वर्षांचा अनुभव, याच राखेचा. सर, ही राख आहे, धूळ नाही, ते आपल्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. मलाही नाही. आपण चार महिने काचा लिंपत होतो. हो सर, लिंपत.

आई : माझा शब्द आहे तो.

लेक : हो... हो... पंधरा दिवस? दहा रांगा? वीस द्या ना सर. बरं, दहा. पण ठेकेदार नको. थेट केंद्राच्या पटावर, रोजच्या हजेरीनं. नाही सर, त्यांची अट नाही, माझी आहे. हो, त्यातली एक माझी आई आहे. तेही लिहिते. मोजमाप मी करणार नाही, तुम्ही दुसरा इंजिनिअर पाठवा, रोज पाठवा, तोच मोजू दे. नावं? बारापर्यंत. पूर्ण नावं, सगळ्यांची. पाठवते. भोंगा? भोंगा काढायला... शिडी नाही सर सध्या. शिडी आली की बघते. ठेवते. नमस्कार.

बाबा : काय म्हणाले?

लेक : करार पंधरा दिवस थांबला. अकरा ते वीस या दहा रांगा टोळीला. आकडा असाच वर राहिला तर मग सगळ्या रांगांचं बोलू म्हणाले. नाही राहिला तर यंत्र येणार. पक्कं काही नाही आई, एवढंच मिळालं.

आई : एवढंच? अगं, सव्वीस वर्षांत एवढंच कुणी दिलं नव्हतं! थांब, बाहेर ओरडून सांगते. ए शिट्टी!

लेक : आई, थांब! आधी माझं ऐक. चरे तपासल्याशिवाय उद्या हात लावायचा नाही. हातमोजे, तोंडावर फडकं. आणि बारापर्यंत नावं. सांग भराभर. शिट्टीचं नाव काय?

आई : शिट्टी.

लेक : खरं नाव गं.

आई : खरं? अगं बाई. खरं काय तिचं? वीस वर्षं शिट्टीच म्हणतोय. तिची सासूही शिट्टीच म्हणायची.

लेक : बरं, मोठी वहिनी?

आई : ती सगळ्यांची वहिनी. कुणाची सख्खी आहे तेच आता आठवत नाही.

लेक : बुटकी?

आई : हिचं येतं मला! नाही, ते तिच्या बहिणीचं. असं कसं झालं गं? कुणाला कितवा महिना आहे, कुणाची कुठली दाढ दुखते, कुणाचा नवरा कशावर चिडतो, सगळं पाठ आहे मला. नाव विचारायची कधी वेळच आली नाही. विचारलं कुणी? मोजायला यायचा मुकादम. बोट दाखवत जायचा, एक, दोन, तीन. बावीस झालं की गेला.

बाबा : मॅडम, ही वही घ्या. मागची पानं कोरी आहेत. मी रेघा मारून देतो. एकेकीला आत बोलवा, जिचं तिनं सांगू दे. मी दारात उभा राहून रांग लावतो.

आई : रांग मी लावते. तुमच्या भोंग्याशिवाय लागते माझी रांग.

बाबा : भोंग्यानंच आलात काल.

आई : आलो. आणि ऐका, तो काढू नका. पहाटे पाचला एक आखूड द्या. दव सुकायच्या आत सगळ्यांना उठवायचं म्हणजे मला घरोघर दारं वाजवावी लागतील.

बाबा : एक आखूड. पान नऊ, ओळ दुसरी : ‘कामास सुरुवात’. रोज देईन.

आई : मग मीही घरी गेल्यावर तो फोटो सुलटा करते. महिनाभर भिंत बघून कंटाळले असाल त्यात.

लेक : बाबा, डोळे पुसा. बाहेरून सगळ्याजणी डोकावतायत.

बाबा : राख गेली डोळ्यात. वही झटकली ना मी.

लेक : हो, हो. राखच. चला, पहिली ओळ. टोळीच्या प्रमुखापासून सुरू करू. आई, नाव?

आई : माझं? तुला माहीत आहे की.

लेक : माहीत आहे. तरी तू सांग. पूर्ण.

आई : इश्श, असं काय विचारतेस? आधी शिट्टीचं घे, तिला घाई असते.

लेक : पहिली ओळ तुझी आहे. मोकळी ठेवलीय.

बाबा : सांग ना. मीही बऱ्याच दिवसांत ऐकलेलं नाही.

आई : तुम्ही गप्प बसा... अगं, पण सांगितलं तर तू लिहिणार. मला येतं लिहायला. चौथीपर्यंत गेलेय मी.

लेक : हे घे पेन.

आई : दे. नको, थांब. आधी हात धुऊन येते.